अ‍ॅप्रन काढल्यावर

पत्र असं आहे. थोडं आखडतं घेऊन देते.

"माझी आई ७१ वर्षांची आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी केमो थांबवली आणि आता घरीच सांभाळा म्हणाले. मी ४४ वर्षांचा, लग्न केलेलं नाही, घरात आम्ही दोघंच. नोकरी घरून करतो, म्हणजे लॅपटॉप उघडा असतो इतकंच. आईला दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी लिहून दिली आहे. ताई दुसऱ्या गावी असते, रोज फोन करते. 'इतकं मॉर्फिन देऊ नकोस, सवय लागेल, त्यानंच ती दिवसभर पडून असते,' असं ती म्हणाली. मलाही पटलं. म्हणून गेले आठ दिवस आई कण्हायला लागली की मगच गोळी देतो. जेवण जवळजवळ बंद आहे. चमचा पुढे केला की ओठ मिटून घेते. परवा मी तिच्यावर ओरडलो. अंघोळीचं तर लिहायचीही लाज वाटते. ती डोळे मिटून घेते, मी भिंतीकडे बघतो आणि कसंबसं उरकतो. डॉक्टरांनी सोडून दिलं का, दुसरीकडे दाखवू या का, हे ताईचं रोजचं. परवा आई म्हणाली, 'दमलास रे तू.' मी म्हटलं, 'छे, कुठे?' त्याच रात्री तीन वाजता पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो आणि मनात आलं, आता हे संपावं. तेव्हापासून मला तिच्याकडे बघवत नाही. माझं काय चुकतंय?
– एक मुलगा"

तुमचं सगळं पत्र त्या शेवटच्या चार ओळींसाठी लिहिलेलं आहे, हे मला कळलं. तिथे येतेच. पण आधी गोळीचं बोलू, कारण ते आज रात्रीचं काम आहे.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं घरोघरी जाऊन अशा रुग्णांची शुश्रूषा करणारी नर्स होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे औषधाचा आकडा मी सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा. पण तुमच्या पत्रात एका जागी चूक आहे असं ठामपणे सांगू शकते, ती ही: कण्हण्याची वाट बघणं.

लवकर विरघळणारी मॉर्फिनची गोळी साधारण अर्ध्या तासात काम करू लागते आणि चारेक तास पुरते. "दर चार तासांनी" हे त्यावरूनच आलेलं आहे. आई कण्हायला लागतात तेव्हा आधीच्या गोळीचा असर केव्हाच ओसरलेला असतो. मग तुम्ही उठता, पाणी आणता, गोळी देता, आणि ती लागू पडेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास त्या नुसत्या सोसत असतात. शिवाय चढलेली वेदना उतरवायला जास्त औषध लागतं, आणि ती चढूच द्यायची नाही म्हटलं तर कमी. म्हणजे औषध कमी जावं म्हणून तुम्ही जे करताय त्यानं उलटंच होण्याची शक्यता आहे. आणखी एक गोष्ट होते, ती कागदावर दिसत नाही. सारखी दुखण्याची वाट बघत पडलेला माणूस दुखत नसतानाही आखडून राहतो. मुठी बघा त्यांच्या. मी घरात शिरले की आधी मुठी बघायची.

हे घड्याळाप्रमाणे देणं कुण्या एका डॉक्टरची लहर नाही. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर. लंडनमधल्या एका जुन्या आश्रयगृहात स्वयंसेविका म्हणून जात असताना त्यांनी पाहिलं की तिथे दुखायच्या आधीच, ठरलेल्या वेळी, तोंडावाटे मॉर्फिन देतात आणि माणसं जागी, शांत, बोलती असतात. पुढे १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारं केंद्र, सुरू केलं आणि जगभर ही पद्धत तिथून शिकली गेली. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेसाठी मार्गदर्शिका काढली, तिचाही गाभा हाच: शक्यतो तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, वेदनेच्या पायरीप्रमाणे, म्हणजे जशी वेदना तसं औषध. (सॉन्डर्सबाई मुळात नर्स होत्या याचा मला उगाचच अभिमान वाटतो.)

आता सवयीचं. ताईंची भीती मी हजार वेळा ऐकली आहे. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ असते. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणूनच ते एकदम बंद करायचं नसतं, उतरवत आणायचं असतं. पण नशेसाठी औषधामागे धावणं ही निराळीच गोष्ट. कॅन्सरच्या वेदनेसाठी ठरल्या वेळी गोळी घेणाऱ्या, आधी कुठलं व्यसन नसलेल्या माणसात ती क्वचित दिसते. आणि आजाराच्या ज्या टप्प्यावर तुमच्या आई आहेत तिथे पुढच्या वर्षीच्या सवयीची काळजी आजच्या रात्रीपेक्षा मोठी मानायची का, हे ताईंनाच विचारा.

झोपेचं म्हणाल तर सुरुवातीचे तीन-चार दिवस, किंवा डोस वाढवल्यावर, गुंगी असते. ती बहुधा ओसरते. मळमळही आठवड्याभरात जाते. पण बद्धकोष्ठ जात नाही, गोळी चालू आहे तोवर तो राहणारच. म्हणून पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनबरोबर रोज चालू हवं, चार दिवस अडल्यावर नव्हे. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत, म्हणून विचारते: आईंना शौचाला शेवटचं कधी झालं? आठवत नसेल तर आजपासून लिहून ठेवा. पोट तुंबलं की भूक जाते, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो, आणि घरचे म्हणतात मॉर्फिननं डोकं फिरलं.

मॉर्फिननंही काही होऊ शकतं, ते लपवत नाही. हातपाय झटके देऊ लागले, भास होऊ लागले, तर फोन करायचा. मूत्रपिंडं मंदावली की औषध अंगात साठतं, मग डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. हलवूनही जाग येत नसेल, श्वास फारच संथ झाला असेल, तर तेव्हाच्या तेव्हा. आणि आठ दिवस तुम्ही मनाप्रमाणे कमी दिलंय, तेव्हा परस्पर पूर्ववत सुरू करू नका. आधी डॉक्टरांना फोन लावून खरं काय ते सांगा. रागावणार नाहीत. रागावले तर ऐकून घ्या.

त्याच फोनवर दोन गोष्टी विचारा. पहिली, मध्येच कळ उठली तर द्यायचा जादा डोस किती, हे लिहून द्या. दुसरी, रात्री दोनची गोळी टाळता येईल का? बरेच डॉक्टर झोपताना मोठा डोस देतात, किंवा बारा तास पुरणारी गोळी सुरू करतात. ही लांब पल्ल्याची गोळी मिळाली तर ती कुटून, चुरून कधीही द्यायची नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. रात्री दोनचा गजर बंद होणं हा तुमच्यावरचाही उपचार आहे.

जेवण.

इथे तुम्ही कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे. सगळेच करतात. खात नाहीत म्हणून खंगत चालल्यात असं तुम्हाला वाटतं. या आजारात गाठीमुळे शरीराचा सगळा कारभारच बदललेला असतो. अंगात एक सततची धग असते, स्नायू झिजत जातात, भूक लावणारी यंत्रणा थंडावते. पोटात ढकललेल्या अन्नाचं मांस चढत नाही. जबरदस्तीनं घातलेला घास मळमळ आणतो, कधी श्वासनलिकेत जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चमचा दिसला की आई तोंड फिरवतात, आणि त्या चमच्यामागे तुम्ही असता.

तरी हात टेकण्याआधी तोंडात टॉर्च मारून बघा. जिभेवर, गालांच्या आत पांढरे चट्टे आहेत का? ती बुरशी असते, औषधानं आठवड्याभरात बरी होते. तोंड आलेल्या माणसाला जेव म्हणणं म्हणजे छळ. स्वादुपिंडाच्या आजारात पचनाचे रस कमी पडतात, शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं होतं. जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक रसांच्या कॅप्सूल असतात, त्यांचं डॉक्टरांना विचारा. गरम पदार्थाचा वास येतो, गार केलेल्याचा कमी. ताट भरून नेऊ नका, भरलेलं ताट बघूनच अशा माणसाची भूक पळते. दोन चमचे, छोट्या वाटीत, विचारून. नको म्हणाल्या तर वाटी उचला आणि चेहऱ्यावर काही न दाखवता तिथेच बसा. हे शेवटचं फार अवघड आहे, मला माहीत आहे.

ज्या हातांनी भरवायचं होतं त्या हातांना दुसरं काम द्या. मऊ ब्रशनं दात, ओल्या कापडानं जीभ, ओठांना मलम, जाग असेल आणि गिळता येत असेल तर बर्फाचा बारीक तुकडा. दर दोन तासांनी तोंड ओलं करणं हे आता जेवण भरवण्याइतकंच मोलाचं आहे. आईंना ते समजेलही लगेच, चमच्याला मिटणारे ओठ यासाठी उघडतात.

ओरडलात त्याचं काय? माफी मागा. एका वाक्यात, रडारड न करता. "परवा ओरडलो, चुकलं माझं." पुढे काही बोलू नका.

अंघोळीचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मुलगे हे लिहीत नाहीत. मी ज्या घरांत गेले तिथे आईची शुश्रूषा करणारे मुलगे निदान दहा-बारा तरी होते, आणि प्रत्येकजण ही गोष्ट स्वयंपाकघरात, पाठमोरा उभा राहून, काहीतरी धूत असताना बोलला.

त्यातला एकजण मला कायम आठवतो. त्यानं एक निळा अ‍ॅप्रन आणला होता. आईला स्वच्छ करायच्या वेळी तो घालायचा, खोलीच्या दारातूनच म्हणायचा, "आता नर्स आलेत." काम होईपर्यंत बोलणं कामापुरतं. या कुशीवर वळा, हात वर करा. चक्क अहो-जाहो करायचा. काम झालं की अ‍ॅप्रन काढून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचा, हात धुवायचा आणि परत आत येऊन पलंगाच्या कडेला बसायचा, "काय गं आई, झोपायचंय का?" मला पहिल्यांदा हे नाटक वाटलं होतं. मग एकदा त्याच्या आईच मला म्हणाल्या, "त्या अ‍ॅप्रनमुळे मला लाज वाटत नाही. तो माझा मुलगा नसतो तेव्हा."

त्यानंतर मी पुष्कळांना अ‍ॅप्रन आणायला सांगितलं. काहींनी नुसते हातमोजे वापरले, एकानं टोपी घातली. कशानंही चालतं. काम करणारा आणि मुलगा यांच्यामध्ये एक खिळा असावा, ज्यावर काहीतरी अडकवून ठेवता येईल.

आता ते काम कसं करायचं. अंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ येईल असं जमवा, किंवा जादा डोस तेव्हाच दिला तर चालेल का हे विचारून घ्या. खोली उबदार. दोन भांडी, एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. अंगावर चादर कायम, आणि एका वेळी एकच भाग उघडा. एक हात पुसला, टिपला, झाकला, मग दुसरा. तोंड आणि छाती आईंना स्वतःला पुसू द्या, कापड पिळून त्यांच्या हातात द्या. पाच मिनिटं लागली तरी लागू देत. कमरेखालचं सगळ्यात शेवटी, पाणी बदलून, वेगळ्या कापडानं, पुढून मागे. काय करणार ते आधी सांगायचं, "आता पाठ पुसतो." भिंतीकडे बघू नका, हाताखाली काय आहे ते दिसलं पाहिजे. टाचा, माकडहाड, नितंब, खांदे इथे लाली आहे का ते बघायचं. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, दाबूनही तशीच लाल राहिली तर ती जखमेची सुरुवात आहे, लगेच कळवायचं आणि त्या जागेवर चोळायचं नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदला, टाचा गादीवर टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्या. आणि मुळात आईंना विचारा की हे काम कुणी करावं. आठवड्यातून तीन दिवस एखादी बाई येऊन हे करू शकत असेल आणि आईंना ते आवडणार असेल, तर तुमचं कर्तव्य त्यात कुठेही कमी होत नाही. विचारल्याशिवाय मात्र ठरवू नका. काहीजणींना परकी बाई नको असते, मुलगा चालतो.

ताईंबद्दल थोडं हसून घेऊ. १९९१ मध्ये वृद्धांच्या आजारांवरच्या एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात "कॅलिफोर्नियातली मुलगी" या नावाचं एक लक्षण वर्णिलं होतं: लांब राहणारं अपत्य, जे उशिरा येतं आणि सगळं चुकतंय, आणखी उपचार करा, म्हणून डॉक्टरांना धारेवर धरतं. खुद्द कॅलिफोर्नियात म्हणे याच लक्षणाला "न्यूयॉर्कची मुलगी" म्हणतात. म्हणजे हे लोण सगळीकडे आहे. ताई दुष्ट नाहीत. त्यांना आईची फोनवरची दोन मिनिटं दिसतात, तुम्हाला चोवीस तास. ज्याच्या हाताला काम नसतं त्याच्या तोंडाला सूचना येतात.

तेव्हा त्यांना काम द्या. डॉक्टरांशी पुढचं बोलणं फोन स्पीकरवर ठेवून करा, ताईंना जोडून घ्या आणि मॉर्फिनचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. नातेवाइकांचे फोन त्यांच्याकडे वळवा, तेच ते सांगून तुमचा घसा सुकत असेल. औषधं संपत आली की मागवण्याचं काम त्यांचं. आणि मुख्य म्हणजे त्यांना चार दिवस राहायला बोलवा. त्या येतील तेव्हा तुम्ही घरात थांबू नका. निदान एक रात्र दुसरीकडे झोपा. रात्री कूस बदलणं, तोंड ओलं करणं, गोळ्यांच्या तक्त्यावर खूण करणं त्यांना करू देत. सूचना त्यानंतर फार कमी होतात, हा माझा अनुभव.

"डॉक्टरांनी सोडून दिलं का" याचं उत्तर: केमो थांबवली, उपचार थांबवले नाहीत. वेदना, धाप, मळमळ, झोप, भीती यांच्यावर इलाज करणारी पॅलिएटिव्ह सेवा हे स्वतंत्र वैद्यकशास्त्र आहे. २०१० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच ही सेवा दिली. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं, अखेरीस आक्रमक उपचारही त्यांनी कमी घेतले, आणि तरी ते जास्त जगले: त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त, दुसऱ्या गटातले निम्मे ८.९ महिन्यांहून जास्त. तुमच्या आईंचा आजार वेगळा आणि टप्पाही पुढचा, तेव्हा या आकड्यांवरून दिवस मोजू नका. ताईंना एवढंच दाखवा की ही सेवा घेणं म्हणजे हार पत्करणं नव्हे. अशी टीम तुमच्या डॉक्टरांनी जोडून दिली आहे का ते मला पत्रावरून कळलं नाही. नसेल तर मागा, तोंड उघडून मागा. घरी येणारी नर्स असेल तर उत्तमच.

त्यांच्याकडून एक कागद लिहून घ्या आणि फोनपाशी चिकटवा. रात्री कुणाला फोन करायचा, आणि कशासाठी सकाळची वाट बघायची नाही. थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे, उलट्यांमुळे गोळीच टिकत नाही, रक्त, अचानक बरळणं, पाठीत नवीच कळ आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, ही त्यातली. शेवटची गोष्ट मणक्यावर दाब आल्याची खूण असू शकते, तिथे तास महत्त्वाचे असतात.

दुसरं विचारून ठेवा: गिळणं बंद झालं तर औषध कशातून द्यायचं? थेंब, पॅच, त्वचेखालची सुई, मार्ग आहेत, पण ते घरात आधी आणून ठेवायचे असतात. रात्री अकराला त्यासाठी धावाधाव करणारी घरं मी फार पाहिली.

शेवटचे दिवस कसे दिसतात हेही सांगते, कारण न सांगितलेलं जास्त घाबरवतं. झोप वाढत जाते. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. श्वास जोरात, मग हळू, मग थांबल्यासारखा, पुन्हा सुरू. घशात घरघर येते, ऐकणाऱ्याला ती असह्य होते, पण त्या वेळी माणूस सहसा इतका खोल गेलेला असतो की त्याला तिचा त्रास जाणवत नसावा. कुशीवर वळवा, तोंड पुसा, खिडकी उघडा. धाप लागत असेल तर छोट्या पंख्याचा वारा त्यांच्या चेहऱ्यावर येऊ द्या, त्यानं खरोखर आराम पडतो. आणि बोलत राहा. २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, शुद्ध हरपलेल्या काही रुग्णांच्या मेंदूचा आलेख काढला, तेव्हा शेवटच्या तासांतही काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देत होता. शब्द कळतात की नाही हे त्यावरून ठरत नाही. तरी मी खोलीत कधी वाईटसाईट बोलू दिलं नाही.

आता पहाटेचे तीन.

तुमच्या मनात जे आलं ते माझ्यासमोर किती जणांनी कबूल केलंय त्याची मोजदाद नाही. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकांनी, एकुलत्या एका मुलांनी. काहींनी मृत्यूनंतर वर्षानं फोन करून सांगितलं, तोवर गिळून बसले होते. "आता हे संपावं" यातलं "हे" काय होतं, ते तुम्ही पुन्हा वाचा. तुम्ही लिहिलंत की आई कण्हतात, ओठ मिटतात, डोळे मिटतात, तुम्ही रात्री तीनला स्वयंपाकघरात उभे असता. हे सगळं संपावं असं न वाटणारा माणूस मला अजून भेटायचाय. आई नकोशी झाली असती तर तुम्ही आठ दिवस प्रत्येक कण्हण्यावर उठला नसता. आणि तो विचार आला त्या रात्री त्यांची वेदना आटोक्यात नव्हती, तुमची झोपही नव्हती. या दोन्ही गोष्टींवर इलाज आहे. तो आधी करा आणि मग बघा, तीन वाजताचे विचार कसे असतात ते.

तुमच्या झोपेचं मी लाडानं म्हणत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्याच एका अभ्यासात वृद्ध जोडीदाराची शुश्रूषा करणारे आणि न करणारे यांची चार वर्षं नोंद ठेवली. ज्यांना त्या कामाचा ताण जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. ती माणसं ६६ वर्षांपुढची होती, तुम्ही ४४ चे, तेव्हा आकडा तसाच्या तसा तुम्हाला लावू नका. पण शरीर हिशेब ठेवतं. तुमची स्वतःची काही औषधं, तपासण्या राहिल्या असतील तर ताई आल्यावर त्या करून घ्या. ऑफिसलाही खरं सांगा. उघड्या लॅपटॉपसमोर बसून दोन्हीकडे अर्धं असण्यापेक्षा रजा बरी, मिळत असेल तर.

राहिलं "दमलास रे तू." त्या प्रश्न विचारत नव्हत्या हो, त्या सांगत होत्या. आईंना दिसतंय. तुम्ही "छे" म्हणालात आणि बोलण्याचं दार लोटलंत. मी तरी त्याचा अर्थ असा लावते की त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पुन्हा म्हणतील, अशी माणसं पुन्हा म्हणतात. नाही म्हणाल्या तर तुम्हीच काढा: "परवा तू म्हणालीस ना, दमलोय खरा." मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. कदाचित त्याही म्हणतील, मीही दमलेय. कदाचित त्यांना कुणाला भेटायचं असेल, काही द्यायचं असेल, रुग्णालयात पुन्हा न्यायचं नाही असं सांगायचं असेल. ते ऐकलंत की लिहून ठेवा आणि ताईंना कळवा. अ‍ॅप्रन अंगावर असताना हे बोलणं काढू नका.

आज डॉक्टरांना फोन. मग एक मोठा कागद घ्या, रकाने आखा: वेळ, गोळी, जादा डोस, शौच, कूस. भिंतीवर चिकटवा आणि त्याचा फोटो ताईंना पाठवा, खाली लिहा की शुक्रवारपासून पुढचे रकाने तुझे आहेत. त्या रात्री कुठे झोपायचं ते मात्र आजच ठरवून ठेवा, नाहीतर ऐनवेळी तुम्ही बाहेरच्या खोलीत, फोन उशाशी घेऊन, जागेच राहाल.